कुंदनच्या हातची पुडी

लाखनी, १४ नोव्हेंबर २०२४

प्रिय कुंदन,

तुझा फोन बंद येतो. चालू असता तरी माझं नाव बघून तू उचलला नसतास, म्हणून खुशालभाऊंच्या गाडीतून हे पत्र पाठवते आहे. बपेऱ्याच्या पुलापलीकडे, मध्य प्रदेशच्या हद्दीत, त्यांचा भाजीचा फेरा असतो. तू कुठल्या गावी आहेस हे मी त्यांना विचारलं नाही आणि त्यांनीही सांगितलं नाही. "ताई, चिठ्ठी देतो मी. बाकी मले काही ठाऊक नाही," म्हणाले आणि टोमॅटोचे क्रेट चढवायला लागले.

घरी सगळं ठीक आहे. साकोलीचं चूर्णाचं दुकान बंद झाल्यावर आई तिथे एकटी कशाला राहील, म्हणून तिला मी लाखनीला आणलं. थोडी थकली आहे, जेवण कमी झालंय. पण जीभ तशीच आहे. परवा धनंजयना म्हणाली, "जवाईबापू, तुमच्या लाखनीत निस्ते ट्रकच ट्रक. माणसं कुठी ठेवता तुम्ही?" ते बिचारे दिवसभर ट्रकचेच टायर बदलतात, काय बोलणार!

भाऊबीजेला मी साकोलीला आले होते. तू आदल्या आठवड्यातच गेला होतास, हे मला दारात आल्यावर कळलं. ताट तयार होतं. भाऊ नसलेल्या बायका चंद्राला ओवाळतात, तसं मी ओवाळलं. आई म्हणाली, "त्याच्या नावानं ओवाळ, चंद्राच्या कायले?" मी हो म्हटलं.

एक काम होतं. आईचे गुडघे पुन्हा धरले आहेत. आजोबांच्या चूर्णाची कृती मला पाठ आहे. सुंठ, मेथी, ओवा, निर्गुडीचा पाला. पण तुझ्या पुडीला जास्त गुण येतो असं सगळे म्हणतात. म्हणजे तू आणखी काही घालत असशील. काय घालतोस, तेवढं लिहून पाठव. गोळी असेल तर गोळीचं नाव आणि किती घालतोस ते. मी घरीच करून देईन तिला.

शक्यतो खुशालभाऊंच्या याच फेऱ्यात पाठव.

तुझी,
ताई


भंडारा, १८ नोव्हेंबर

कुंदन,

मागच्या पत्रात मी तुला खरं लिहिलं नाही. तू घाबरशील आणि घाबरलास की गप्प बसशील, असं वाटलं. लहानपणापासून तुझं तसंच आहे.

आई भंडाऱ्याला दवाखान्यात आहे. ते पत्र लिहिलं तेव्हाही दवाखान्यातच होती. मी रात्रीचे कपडे घ्यायला लाखनीला गेले होते आणि स्वयंपाकघरात उभ्या उभ्या तुला लिहिलं. तिला उलट्या थांबेनात, मग उठून बसवेना, मग डोळे उघडेनात. इथे आणलं तेव्हा रक्तदाब लागत नव्हता.

इथली डॉक्टरबाई वयाने तुझ्यापेक्षाही लहान असेल. तिने आधी आईचा चेहरा बघितला, मग हातावरचे निळे डाग, मग मला विचारलं, "यांना कोणती पुडी चालू होती?" मी अजून काहीच सांगितलं नव्हतं. आईचं तोंड गोल झालं, गाल वर आले, तेव्हा आपण सगळे खूश होतो ना रे? मामी म्हणाली होती, "लेकाच्या राज्यात बाई सुटली." डॉक्टरबाई म्हणाली, ती सूज होती. असल्या पुड्यांमध्ये स्टिरॉइडच्या गोळ्या कुटून घालतात, त्याने दुखणं जातं, माणूस चालायला लागतो आणि आतून पोकळ होत जातो. त्यावरचं औषध तिने अंदाजाने सुरू केलं आहे. पण आईच्या किडन्याही काम करेनाशा झाल्यात. म्हणजे पुडीत दुसरंही काही आहे. ते काय, किती आणि कधीपासून, हे कळलं तर त्या हिशेबाने उपचार करता येतील. "अंदाजाने मी किती जाऊ, ताई?" असं ती मला म्हणाली. मला ताई म्हणाली, म्हणून मला रडू आलं.

खुशालभाऊ काल रिकाम्या हाताने परत आले. मी फार विचारलं तेव्हा सांगितलं, "तो म्हणे, ताई कागद गोळा करून राहिली माह्यावर. तिनंच तर पाठवले होते ते लोक."

कुंदन, दिवाळीआधी दुकानावर औषध खात्याचे जे अधिकारी आले, पुड्या उचलून नेल्या, कुलूप लावलं, त्यांना मी पाठवलं नव्हतं. दुकान बंद कर म्हणून मी तुझ्याशी भांडत होते, हे खरं आहे. तोंडावर भांडत होते. मागून मी काही केलं नाही. तू मागच्या दाराने पिशवी घेऊन निघालास तेव्हा आई तुला "जेवून तरी जाय" म्हणाली, हे तिने मला किती वेळा सांगितलं असेल. तिलासुद्धा तू ताईने तक्रार केली असंच सांगून गेलास. ती माझ्या घरी राहायला आली तेव्हा पहिले दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

तू सांगशील ते मला तुझ्याविरुद्ध कुणाला दाखवायचं नाही. तुझी सही नको, तुझं अक्षरही नको. खुशालभाऊंना नुसतं तोंडी सांग. नाव सांगता येत नसेल तर त्यांच्याबरोबर ती गोळी पाठव.

ताई


भंडारा, २३ नोव्हेंबर

कुंदन,

आई काल शुद्धीवर आली. दोन घास पेज खाल्ली. मला वाटलं, आता तुझ्या उत्तरावाचून चालेल. डॉक्टरबाई म्हणाली, अजून नाही, किडनी वर येत नाहीये.

आज तिने विचारलं, "पुडी कधी बंद केली यांनी?" मी म्हटलं, बंद केलीच नाही. देवघरात असल्यामुळे अधिकाऱ्यांच्या हाती न लागलेला आईचा डबा साकोलीहून माझ्या घरी आणला आहे. रोज सकाळी आई आंघोळ करून देवघरासमोर बसायची, डबा जवळ असायचा, मी चहा ठेवायची. ती पुडी घेते आहे, असंच मी धरून चालले होते. धनंजयना फोन केला. त्यांनी डबा उघडून बघितला. वरपर्यंत भरलेला होता.

मी आईला विचारलं. ती म्हणाली, "नाई घेतली. कोणाच्या हातून घेऊ?"

"अगं, तुझी तू घ्यायची ना."

"आपल्याच हातानं घेतली तर ती निस्ती भुकटी. तुह्या आजाच्या घरात राहून तुले एवढंबी ठाऊक नाही?"

मला ठाऊक होतं. आपल्या घरात आणखी कुठल्या देवावर एवढी श्रद्धा नव्हती, जेवढी या एका गोष्टीवर होती. आजोबा पवनीहून लुगडी घेऊन साकोलीच्या बाजाराला यायचे तेव्हापासूनची. लुगड्यांच्या गाठोड्याशेजारी चूर्णाचा डबा. नागपूरच्या छापखान्यातून आणलेलं ते लेबल आठवतं? काठी फेकून धोतर सावरत पळणारा म्हातारा, आणि खाली 'वात, संधिवात, कंबर, अर्धशिशी, भूक न लागणे, मन न लागणे यांवर रामबाण मोतीलाल वातचूर्ण.' मन न लागणे यावरही! आपण दोघं त्यावर किती हसायचो. पण आजोबा पुडी कधी ओट्यावर ठेवत नसत. समोरच्याचा तळहात उघडायला लावायचे, आपल्या बोटांनी त्यावर चूर्ण ठेवायचे आणि तो गिळेपर्यंत त्याचा हात धरून बसायचे. म्हणायचे, सुंठ-ओवा कोणाच्याही घरी असतो, लोक माझ्या हाताला येतात. बाबांनी तेच चालवलं. बाबांजवळ बायका तासभर बसायच्या. गुडघ्याचं सांगता सांगता सुनेचं सांगायच्या. आता मला वाटतं, त्या चूर्णाने कुणाचं काही बरं झालं नसेल, पण वाईटही झालं नाही. आणि बाबांच्या ओट्यावरून लोक जरा हलके होऊन जायचे, हे तर मी डोळ्यांनी बघितलं आहे.

तुला बोलता येत नव्हतं. परक्या माणसासमोर तुझा शब्द अडायचा. बाबा, म्हणजे त्यांचे भय्याजी, गेल्यावर त्या बायका आल्या, तू खाली मान घालून त्यांच्या तळहातावर चूर्ण ठेवायचास आणि आत निघून जायचास. "भय्याजीचा गुण पोराच्या हातात नाही उतरला," असं त्या तुझ्यासमोर म्हणायच्या. एकीने तर हात मागे घेतला होता. मी तेव्हा बाळंतपणाला आले होते, आतून ऐकत होते. त्यानंतर कधीतरी ती गोळी तुझ्या हातात कुणी दिली, मला माहीत नाही. पण ज्या दिवशी पहिली म्हातारी काठी न घेता ओटा चढून आली असेल, त्या दिवशी तुला काय वाटलं असेल, ते मला कळतं रे. आईने गल्लीत पेढे वाटले होते. "माह्या कुंदनच्या हातात गुण आला" म्हणून.

तर आई घेत नव्हती. तू गेलास त्या दिवसापासून. ती रोज डब्यासमोर बसायची आणि तुझी वाट बघायची. मला म्हणाली, "येईन ना तो. तोवर दम काढीन."

डॉक्टरबाईने मला व्हरांड्यात नेऊन सांगितलं, ही गोळी फार दिवस चालली की शरीर आपलं आपण ते द्रव्य बनवणं सोडून देतं. मग ती एकदम बंद केली की माणूस कोसळतो. हळूहळू, महिनोनमहिने उतरवत आणावी लागते. घेत होती त्याने आतून पोखरली गेली आणि सोडली त्याने पडली.

डबा आता तपासायला नागपूरला पाठवतो आहोत. अहवाल यायला महिना तरी लागेल म्हणतात. तुला दोन शब्द सांगायला क्षण पुरेल.

आणखी एक लिहिते. आई आज बोलता बोलता हसली आणि म्हणाली, "पयले मले देतच नव्हता तो चांगली पुडी. दोन डबे होते त्याच्यापाशी. मले लहान डब्यातली द्याचा. सुलोचना चालाले लागली, अन् मी बसल्या जागी. मी म्हटलं, काहून रे, पराया बायाइले गुण अन् मायले राख? भांडली मी. जेवण सोडलं. मंग देल्ली. रडत देल्ली पोट्ट्यानं! येवढा मोठा झाला, तरी रडतेच."

तू का रडलास ते तिला कळलं नाही. ती ते मजेची गोष्ट म्हणून शेजारच्या खाटेवरच्या बाईलाही सांगत होती. मी बाहेर येऊन जिन्यात बसले.

तुला तिला मारायचं नव्हतं, हे मला तेव्हाच कळलं. आता तिला वाचवायचंही तुझ्याच हातात आहे. सांग रे.

ताई


लाखनी, ८ डिसेंबर

कुंदन,

आई गेली. तुला कळलं असेलच. खुशालभाऊ त्याच दिवशी पूल ओलांडून गेले होते, त्यांनी सांगितलं म्हणाले. आम्ही तिला साकोलीला नेलं, दुकानासमोर ठेवलं आणि ऊन उतरेपर्यंत थांबलो. प्रत्येक मोटारसायकलचा आवाज आला की लोक रस्त्याकडे बघायचे. शेवटी मामा म्हणाले, "आता नाही थांबता येत, बाई." अग्नी मी दिला. कुणी अडवलं नाही.

शेवटच्या दिवशी तिला थोडं कळत होतं. मला म्हणाली, "गुण त्याच्यासंगं गेला. तो राहिला असता तर मी पडली नसती." डॉक्टरबाई तिथेच होती. ती आईला समजवायला पुढे झाली, "आजी, तसं नाही..." आणि मी तिचा हात धरून तिला थांबवलं. तिला राग आला असेल. आला तर येवो. जाताना आईजवळ तेवढंच होतं, ते कशाला काढून घ्यायचं?

मी तुझ्यावर रागावले आहे का, ते मला सांगता येत नाही. तेरवीपर्यंत कामं होती. आता सकाळी चहा दोन कपांचा ठेवला जातो आणि मग आठवतं, धनंजय चहा घेत नाहीत.

तुला आता काही सांगायची घाई नाही.

ताई


साकोली, १७ डिसेंबर

कुंदन,

तुझं पाकीट मिळालं.

खुशालभाऊंनी ते खिशातून काढून दिलं आणि माझ्याकडे न बघता गाडीत जाऊन बसले. आत चिठ्ठी नाही. गोळ्यांच्या स्ट्रिपची दोन रिकामी पानं, नावं दिसतील अशी कापलेली. आई गेल्याचं कळल्यावर तू ती पाठवलीस. म्हणजे ती गेली तेव्हा कुठे तुला माझं खरं वाटलं.

मी ती भंडाऱ्याला नेऊन डॉक्टरबाईला दाखवली. पहिल्या पानाचं नाव वाचून तिने मान हलवली, तिचा अंदाज बरोबर होता. दुसरं किडनी बिघडवणाऱ्या गोळीचं होतं; ते वाचून तिने आईचा केसपेपर काढून पुन्हा चाळला. "हे आधी कळलं असतं तर..." एवढं म्हणाली. मग म्हणाली, तरीसुद्धा नक्की काही सांगता आलं नसतं. हे तिने माझ्यासाठी म्हटलं असावं. तुझ्यासाठीही धर हवं तर.

मी सध्या सुट्टी काढून आपल्या घरी राहते आहे. लोक येतात, रे. कुलूप बघतात, ओट्यावर बसतात, हाक मारतात. सगळ्यांचे चेहरे आईसारखे गोल. मी प्रत्येकाला सांगते, पुडी एकदम सोडू नका, दवाखान्यात जा, काय घेत होतात ते तिथे सांगा. काही ऐकतात. काही म्हणतात, भावाची जागा हडपायला बसली आहे.

सुलोचनाबाई आल्या होत्या. "कुंदन भेटत नाही काय वो? माही पुडी सरून राहिली."

मी सांगितलं, ती पुडी वाईट होती. आई त्यानेच गेली.

"तुही माय वय झालं म्हणून गेली," म्हणाल्या. "अन् दवाखान्यात काय करतेत? निस्तं रगत काढतेत. माहा बुढा गेला तेव्हापासून माह्या गुडघ्याले कोणी हात नाही लावला, पोरानं नाही, सुनेनं नाही. तुह्या भावानं लावला. तू त्याले वाईट म्हनू नको माह्यासमोर."

मी वाईट म्हटलं नाही. त्यांच्यापाशी बसून राहिले. संध्याकाळपर्यंत त्या ऐकत नव्हत्या. मग मी म्हटलं, मी येते तुमच्याबरोबर, मी तिथे बसेन. तेव्हा उठल्या. आता त्यांना मोजून गोळ्या दिल्या आहेत, हळूहळू कमी करायच्या. बसमध्ये येताना माझ्या खांद्यावर झोपल्या.

काल खुशालभाऊ चहाला थांबले. बोलता बोलता त्यांच्या तोंडून निघून गेलं, "तिकडं पन लाईन लागते आता त्याच्याकडे. बालाघाटपासून येऊन राहिले लोक." मग त्यांना कळलं आपण काय बोललो, आणि कप तसाच ठेवून उठले.

आईला दिलीस तेव्हा तू रडलास. ह्या लोकांना देताना रडतोस का? मी खरंच विचारते आहे. टोमणा नाही.

कुंदन, तेव्हा मी तक्रार केली नव्हती. आता करणार आहे. ती दोन पानं माझ्याजवळ आहेत. शुक्रवारी सकाळी मी भंडाऱ्याला जाऊन ती औषध खात्याच्या अधिकाऱ्यांना देणार, तू कुठल्या बाजूला आहेस ते सांगणार आणि पुलापलीकडे ज्यांनी ज्यांनी तुझी पुडी घेतली त्यांना शोधा, त्यांना एकदम सोडू देऊ नका, असं सांगणार. मी धनंजयनाही सांगितलं आहे, म्हणजे ऐनवेळी माझे पाय मागे फिरायला नकोत.

हे पत्र खुशालभाऊ आज घेऊन निघतील. म्हणजे शुक्रवारच्या आधी तुझ्या हातात पडेल. तेवढ्या वेळात तुला आणखी लांब जाता येईल, हे मला कळतं, आणि कळूनही मी ते पाठवते आहे.

पण आलास तर साकोलीच्या स्टँडवर ये. मी शुक्रवारी पहिल्या बसला उभी असेन. भंडाऱ्याला अधिकाऱ्यांना जे सांगायचं आहे ते तू एकट्याने सांगायचं नाही, तुझा शब्द अडला तर पुढचं मी सांगेन. आणि माझ्याच्याने बोलवलं नाही, तर तू.

ताई